हार्डवेअरच्या सुट्या भागांतून झिप लाइनची ट्रॉली

झिप लाइनवरून, म्हणजे उताराने बांधलेल्या तारेवरून, घसरणाऱ्या माणसाचा सगळा भार दोन चाकांच्या खोबणीत तार जिथे टेकते तिथून जातो, आणि त्या दोन्ही जागा मिळून अंगठ्याच्या नखाएवढ्याही भरत नाहीत. तार आणि खांब यांच्याबद्दल नवशिके पुष्कळ विचार करतात; माणसाला घेऊन तारेवरून धावणारी चाकांची ट्रॉली मात्र ‘एखादी कप्पी आणू आणि लटकवू’ म्हणून शेवटी राहून जाते. प्रत्यक्षात तिच्याइतक्या काळजीने करण्याची दुसरी वस्तू या सगळ्या खटाटोपात नाही. येथे दिलेली रचना एकाच प्रश्नाभोवती बेतलेली आहे: ट्रॉलीचा अमुक भाग तुटला, सुटला किंवा झिजला, तर ती तारेवरून निसटेल का? प्रत्येक भागाबाबत या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे यायला हवे. ज्या भागाबाबत ते तसे येत नाही, तिथे दुसरा आधार द्यायला हवा.

आधी मर्यादा सांगतो. ही ट्रॉली सुमारे ३० मीटर लांबीच्या, १० मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेवर, एका वेळी ८० किलोपर्यंतच्या एका माणसासाठी आहे. बसलेल्या माणसाचे पाय वाटेत कुठेही जमिनीपासून मीटरभराहून अधिक उंच जाऊ नयेत. दरी, ओढा किंवा खडकाळ उतार ओलांडायचा असेल, लांबी याहून मोठी असेल किंवा अनोळखी लोकांना बसवायचे असेल, तर चाचणी होऊन भारक्षमतेचा शिक्का मिळालेली तयार ट्रॉली विकत घ्यावी. तिथे हौसेने घडवलेल्या वस्तूचे काम नाही, मग ती कितीही नेटकी दिसो.

थोडा हिशेब

ट्रॉली करण्यापूर्वी तार कशी बांधली जाणार आहे हे ठरलेले असावे, कारण खोबण तारेच्या जाडीवर आणि वेग तारेच्या उतारावर अवलंबून असतो. तारेच्या मध्यावर माणूस असताना तारेत येणारा ताण साधारणपणे असा काढता येतो: माणसाचे वजन गुणिले तारेची लांबी, भागिले झोलाची चौपट. ३० मीटर तारेला माणूस बसल्यावर दीड मीटर झोल पडत असेल, तर ताण वजनाच्या पाचपट, म्हणजे ८० किलोच्या माणसासाठी सुमारे ४०० किलो येतो. हौसेने तार ताणून झोल ६० सेंटिमीटरवर आणला, तर तोच ताण साडेबारापट, म्हणजे हजार किलोंवर जातो. तार सतारीसारखी ताणलेली दिसली म्हणजे काम पक्के झाले, ही समजूत म्हणूनच उलटी आहे. लांबीच्या पाच टक्के झोल ठेवावा आणि तो मुकाट्याने स्वीकारावा.

१० मिलिमीटरची, पोलादी गाभ्याची, सात पेडांची आणि प्रत्येक पेडात १९ तारा असलेली जस्ताचा मुलामा दिलेली तार साधारणपणे ५० किलोन्यूटन किंवा त्याहून अधिक भाराला तुटते. ढोबळमानाने हे पाच टन झाले, म्हणजे वरच्या ४०० किलोंच्या बारापट. नेमका आकडा तारेच्या प्रमाणपत्रावर छापलेला असतो. प्रमाणपत्र नसलेली तार घेऊ नये. तागाचा किंवा धाग्याचा गाभा असलेली तार चाकाखाली चपटी होते, तीही टाळावी.

आता वेग. सुरुवातीपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत माणूस दीड मीटर उतरत असेल, तर घर्षण सोडून दिल्यास त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९ ते २० किलोमीटर होतो. घर्षणामुळे प्रत्यक्षात तो काहीसा कमी भरतो. खोबणीच्या तळाशी ५२ मिलिमीटर व्यास असलेले चाक या वेगाला मिनिटाला जवळजवळ २००० फेरे घेते. दोरीने वजन उचलण्याची जी कप्पी दुकानात टांगलेली असते, तिचे चाक नुसत्या पिनेवर फिरते आणि ते मिनिटाला फार तर काही डझन फेऱ्यांसाठी केलेले असते. ती कप्पी पहिल्या फेरीत किंचाळते, चौथ्या-पाचव्या फेरीत तापते, आणि तिची दुमडलेल्या पत्र्याची बाजू भाराखाली उघडू लागते. तिच्यावर माणूस बसवू नये, यापुढे तिचा विषयच नको.

सरकत्या फाटकाची चाके अधिक मोहात पाडतात, कारण त्यांत बेअरिंग असते आणि ती दणकट दिसतात. माझ्या पहिल्या ट्रॉलीत मी तीच वापरली होती. त्यांतली इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खोबण तारेला दोन्ही कडांनी चिमटीत धरते. गोल खोबणीची चाकेही बहुधा १६ किंवा २० मिलिमीटरच्या गजासाठी असतात, त्यामुळे १० मिलिमीटरची तार त्यांत एका बारीक रेषेवर टेकते आणि डावी-उजवीकडे हिंडते. दोन्ही प्रकारांत ट्रॉली चालते, पण तार झिजते. आणि ट्रॉली बदलण्यापेक्षा तार बदलणे किती खर्चाचे आणि कटकटीचे असते, हे ज्याने ती एकदा बदलली आहे त्याला सांगावे लागत नाही. चाके लेथवर करून घ्यावीत.

काय काय लागेल

दोन बाजूपट्ट्यांसाठी ६ मिलिमीटर जाड आणि १५० मिलिमीटर रुंद माइल्ड स्टीलची चापट पट्टी, ४०० मिलिमीटर लांब. चाकांसाठी माइल्ड स्टीलचा ८० मिलिमीटर व्यासाचा गोल गज, बोटभर लांबीचे दोन तुकडे. ६२०१ क्रमांकाची, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली चार बेअरिंगे. यांचे आतले भोक १२, बाहेरचा व्यास ३२ आणि जाडी १० मिलिमीटर असते. १२ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे, डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेले चार बोल्ट. ते पूर्ण आट्यांचे नसावेत, डोक्याकडचा भाग गुळगुळीत असावा. याचे कारण पुढे येईल. त्यांच्यासाठी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेले नट (चार वापरायला आणि चार जास्तीचे) आणि आठ वॉशर. आतून १२ व बाहेरून १८ मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी, वीतभर. एक १० मिलिमीटरची घडीव बो-शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी कमानीच्या आकाराची कडी, जिच्या अंगावर एक टन कार्यभार (वापरात पेलायचा भार) कोरलेला आहे. शिवाय गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्याकडून कुलूपवाले पोलादी कॅराबिनर (उघडझाप करणाऱ्या कड्या) दोन, शिवलेल्या पट्ट्याच्या स्लिंग (जोडपट्टे) दोन आणि बसण्याचा हार्नेस, म्हणजे कमरेला व मांड्यांना बांधायचे पट्टे.

या शेवटच्या ओळीतल्या वस्तू हार्डवेअरच्या दुकानातून घेऊ नयेत. तिथे मिळणारा चावीच्या जुडग्यासारखा, चकचकीत स्प्रिंगवाला हूक कॅराबिनरसारखाच दिसतो, पण त्यावर भाराचा आकडा नसतो. खऱ्या कॅराबिनरच्या कण्यावर लांबीच्या दिशेने, बंद अवस्थेत तो किती किलोन्यूटन पेलतो हे कोरलेले असते. २० किंवा त्याहून अधिक असेल तोच घ्यावा. आकडा नसलेली वस्तू माणसाच्या वजनाखाली येऊ द्यायची नाही, हा नियम शॅकललाही लागू आहे. तार वाकवून केलेला डोळ्याचा, म्हणजे टोकाला गोल कडी असलेला, बोल्ट तर भार पडताच हळूहळू उघडतो, म्हणून या रचनेत तो कुठेच नाही.

वेल्डिंगही कुठेच नाही, आणि हे मुद्दाम केले आहे. चांगल्या कारागिराचे वेल्डिंग बोल्टइतकेच भरवशाचे असते. नवशिक्याचे मात्र वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ असू शकते, आणि ते बाहेरून पाहून कळत नाही. बोल्ट सैल झाला तर दिसतो, हाताला लागतो, आणि दहा मिनिटांत बदलता येतो.

चाके

लेथवाल्याकडे जाताना कागदावर आकृती, हातात खरी बेअरिंगे आणि तारेचा एक तुकडा न्यावा. नुसत्या तोंडी मापांवर काम सोपवू नये. चाकाचा बाहेरचा व्यास ७५, रुंदी २० आणि खोबणीच्या तळाशी व्यास ५२ मिलिमीटर ठेवावा. खोबणीचा तळ गोल असावा आणि त्या गोलाईची त्रिज्या तारेच्या त्रिज्येपेक्षा किंचित मोठी, म्हणजे १० मिलिमीटरच्या तारेसाठी ५.३ ते ५.५ मिलिमीटर असावी. त्रिज्या लहान पडली तर तार खोबणीत आवळली जाते, फार मोठी झाली तर तिला आधार मिळत नाही. खोबणीच्या भिंती वरच्या बाजूला थोड्या पसरट असाव्यात आणि कडा धारदार राहू नयेत. खोबणीची खोली साडेअकरा मिलिमीटर भरते, म्हणजे तार पूर्णपणे आत बसते.

चाकासाठी माइल्ड स्टीलच का, असा प्रश्न येईल. तारेचे पोलाद त्याहून बरेच कठीण असते, त्यामुळे झीज चाकाच्या वाट्याला येते, आणि तसेच हवे. कडक केलेले चाक तारेला खाईल. ॲल्युमिनियम हलके, पण लवकर झिजणारे. नायलॉन शांत चालते, पण त्यात दाबून बसवलेले बेअरिंग तापल्यावर ढिले होण्याची भीती राहते. बीड ठिसूळ असते, ते नकोच.

बेअरिंगसाठीचे भोक ३२ मिलिमीटरपेक्षा ०.०१ ते ०.०३ मिलिमीटरने कमी ठेवायचे असते, म्हणजे बेअरिंग दाबूनच आत जाते आणि आपोआप बाहेर येत नाही. प्रत्येक चाकात दोन बेअरिंगे पाठीला पाठ लावून बसतात आणि मिळून चाकाची २० मिलिमीटर रुंदी बरोबर भरून काढतात. बसवण्यापूर्वी चाक उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून कोरडे केले तर काम सोपे होते. बेअरिंग आत ढकलताना दाब फक्त त्याच्या बाहेरच्या कड्यावर द्यावा. त्याच मापाचा पाइपाचा तुकडा ठेवून वाइसमध्ये हळूहळू दाबावे. आतल्या कड्यावर हातोडी मारली की दाब गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात, आणि नवेकोरे बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखर करू लागते.

एका ६२०१ बेअरिंगची स्थिर भारक्षमता सुमारे ३ किलोन्यूटन असते. चार बेअरिंगांची मिळून १२ किलोन्यूटन झाली, आणि ८० किलोचा माणूस म्हणजे ०.८ किलोन्यूटन. झटका, वेग आणि असमान भार धरूनही शिल्लक पुरेशी राहते.

बाजूपट्ट्या

दोन्ही पट्ट्या वरून १९० आणि खालून ७० मिलिमीटर रुंद, १५० मिलिमीटर उंच अशा समलंब आकारात कापाव्यात. कोपरे कानशीने गोल करावेत, विशेषतः पुढचे, कारण ते तारेच्या शेवटी असलेल्या ब्रेकच्या ठोकळ्यावर आदळणार आहेत.

छिद्रे चार. वरच्या कडेपासून ४० मिलिमीटर खाली, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ५५ मिलिमीटरवर चाकांच्या आसांची दोन. म्हणजे आसांमधले अंतर ११० भरते. मध्यरेषेवर, वरून ९३ मिलिमीटरवर तिसरे, ज्याला आपण रोधक बोल्टचे छिद्र म्हणू. मध्यरेषेवरच, वरून १३० मिलिमीटरवर चौथे, शॅकलच्या बोल्टचे. ही मापे कुठून आली ते समजून घेतले तर स्वतःच्या तारेसाठी ती बदलता येतील. आसापासून खोबणीचा तळ २६ मिलिमीटर खाली आहे, तिथून पुढचे १० मिलिमीटर तार व्यापते; म्हणजे वरच्या कडेपासून ६६ ते ७६ मिलिमीटर हा पट्टा तारेचा झाला. त्याखाली ८ मिलिमीटर मोकळे सोडून १८ मिलिमीटर व्यासाची नळी येते, तिचा मध्य ९३ वर पडतो. ट्रॉलीने उसळी घेतली, तर ती ८ मिलिमीटर वर जाऊन या नळीवर अडते. तार साडेअकरा मिलिमीटर खोल खोबणीतून बाहेर पडूच शकत नाही.

दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून, क्लॅम्पने आवळून छिद्रे एकत्रच पाडावीत. वेगवेगळी आखून पाडलेली छिद्रे अर्ध्या मिलिमीटरने जरी चुकली, तरी आस तिरका बसतो आणि चाक कायम एका बाजूला घासते. आधी सेंटर पंचने खूण, मग ४ मिलिमीटरचे भोक, मग ८, मग १२. शेवटच्या ड्रिलला वेग कमी, मिनिटाला ६०० ते ७०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावा आणि तेलाचे थेंब सोडत राहावे. डोळ्यांवर चष्मा असावाच. हातमोजे मात्र फिरत्या ड्रिलजवळ घालू नयेत, कारण ड्रिल मोज्याला पकडते आणि त्याबरोबर बोटालाही. छिद्रांच्या कडा साफ केल्यावर पट्ट्यांना प्रायमर आणि रंग द्यावा. पट्टी जस्ताचा मुलामा दिलेली असेल, तर ती गरम करणे किंवा जाळणे टाळावे, त्याचा धूर विषारी असतो.

जोडणी

येथे घाई करणाऱ्याची ट्रॉली एक तर जाम होते किंवा डुगडुगते, आणि दोन्हींचे कारण बहुधा वॉशर असते. बेअरिंगच्या आतल्या कड्याची जाडी फार तर दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे त्याचा बाहेरचा व्यास १८ मिलिमीटरच्या आसपास. १२ मिलिमीटर बोल्टचा नेहमीचा वॉशर मात्र २४ मिलिमीटरचा असतो. तो बेअरिंगला चिकटवून बसवला की रबरी सीलवर घासतो, नट आवळला की सील आत दाबला जातो आणि चाक फिरेनासे होते. मग नवशिका नट थोडा ढिला करतो, चाक फिरू लागते, आणि ट्रॉली ढिल्या नटासह तारेवर चढते. ही चूक मी इतरांच्या ट्रॉलींत वारंवार पाहिली आहे.

उपाय साधा आहे. नळीतून दीड मिलिमीटर जाडीची चार कडी लेथवर कापून घ्यावीत. प्रत्येक चाकाच्या दोन्ही बाजूंना, बेअरिंग आणि बाजूपट्टी यांच्या मध्ये एकेक कडे बसते. ते फक्त आतल्या कड्याला टेकते, त्यामुळे नट पूर्ण ताकदीने आवळला तरी दाब पट्टी, कडे, बेअरिंगांची आतली कडी, पुन्हा कडे आणि पट्टी असा सरळ जातो, आणि चाक मोकळे फिरत राहते. मोठे वॉशर पट्टीच्या बाहेरच्या अंगाला, बोल्टच्या डोक्याखाली आणि नटाखाली घालावेत.

यामुळे दोन पट्ट्यांमधले अंतर २० अधिक दीड अधिक दीड, म्हणजे २३ मिलिमीटर होते. खालच्या दोन्ही बोल्टांवर घालायच्या नळीचे तुकडेही नेमके २३ मिलिमीटरच हवेत. ते व्हर्निअर कॅलिपरने मोजावेत. एक तुकडा आखूड पडला तर पट्ट्या आत ओढल्या जाऊन चाकाला घासतात. चाक आणि पट्टी यांच्यातली फट दीड मिलिमीटर राहते, आणि ती तारेच्या जाडीच्या मानाने इतकी लहान आहे की तार चाकावरून उतरली तरी त्या फटीत अडकू शकत नाही. तार अशी फटीत शिरली की ट्रॉली वाटेत जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून ही फट वाढवण्याचा मोह टाळावा.

आता गुळगुळीत बोल्टची गोष्ट. ६५ मिलिमीटरच्या अर्ध्या आट्यांच्या बोल्टला ३० मिलिमीटर आटे असतात आणि ३५ मिलिमीटर गुळगुळीत भाग. डोक्याखालचा वॉशर, पट्टी, कडे, दोन बेअरिंगे, दुसरे कडे ही बेरीज साडेएकतीस मिलिमीटर होते, म्हणजे आटे दुसऱ्या पट्टीच्या आत सुरू होतात आणि बेअरिंग सर्वस्वी गुळगुळीत भागावर बसते. पूर्ण आट्यांचा बोल्ट वापरला, तर बेअरिंग आट्यांच्या टोकांवर टेकते, ती टोके चेपतात आणि दर आठवड्याला नट नव्याने आवळावा लागतो. शिवाय आट्यांच्या तळाशी बोल्टची जाडी कमी असल्याने तो तिथेच आधी तुटतो.

नट आवळल्यावर बोल्टचे किमान दोन आटे नटाबाहेर दिसले पाहिजेत, तरच नटातल्या नायलॉनने आटे धरले आहेत अशी खात्री होते. एकदा काढलेला नायलॉक नट पुन्हा वापरू नये; जास्तीचे चार नट त्यासाठीच घेतले आहेत. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नायलॉक नट आवळताना आटे एकमेकांना चिकटून कायमचे जाम होण्याचा प्रकार होतो, म्हणून जस्ताच्या मुलाम्याचे साधे ८.८ बोल्टच बरे.

आधी दोन्ही चाके बसवून त्यांचे नट पूर्ण आवळावेत. चाक बोटाने फिरवल्यावर काही सेकंद निवांत फिरत राहावे, आवाज होऊ नये आणि बाजूने हलवल्यास डुगडुगू नये. खालचे दोन बोल्ट अजून घालायचे नाहीत.

तारेवर चढवणे

खालचे बोल्ट नसताना ट्रॉली खालून उघडी असते, त्यामुळे बांधलेल्या तारेवर ती वरून सरळ बसवता येते. तारेचे टोक सोडावे लागत नाही. चाके तारेवर टेकली की तिसऱ्या छिद्रातून रोधक बोल्ट नळीसह घालावा. मग चौथ्या छिद्रातून शॅकलचा बोल्ट घालावा, आणि तो आरपार जाण्यापूर्वी त्याच्या नळीवर शॅकलची कमान अडकवून घ्यावी. कमान दोन पट्ट्यांच्या मध्ये राहते, पिन पट्ट्यांच्या खाली येते. दोन्ही नट आवळावेत. शॅकलची पिन पूर्ण फिरवून बसवावी आणि तिच्या डोळ्यातून बारीक तार ओवून ती कमानीला बांधून टाकावी, कारण हिंदकळण्याने पिन आपोआप उलटी फिरू शकते.

शॅकलमध्ये पहिला कॅराबिनर, त्याला पहिली स्लिंग आणि तिला हार्नेस, असा मुख्य भाराचा मार्ग झाला. दुसऱ्या आधाराचा मार्ग यापासून पूर्ण वेगळा हवा. दुसरी स्लिंग हार्नेसला स्वतंत्रपणे जोडावी आणि तिचा पोलादी कॅराबिनर थेट तारेवर, ट्रॉलीच्या मागच्या, म्हणजे चढाच्या बाजूला अडकवावा. तो पुढे लावला तर चाकाखाली येण्याचा धोका असतो. ही स्लिंग किंचित सैल असावी, म्हणजे कॅराबिनर भार न घेता मागून घसरत येईल. पण मुख्य आधार तुटल्यास माणूस १५-२० सेंटिमीटरहून अधिक पडू नये इतकी ती आखूडही असावी. ॲल्युमिनियमचा कॅराबिनर तारेवर घासून झिजतो, म्हणून तो येथे वापरू नये.

बसणाऱ्याच्या हाताला धरायला काही दिले नाही तर तो तारेलाच हात घालतो, आणि चाकाखाली आलेले बोट वाचत नाही. म्हणून शॅकलपासून हातभर खाली, छातीच्या उंचीवर, पट्ट्याने बांधलेला एक लाकडी दांडा लोंबता ठेवावा. तो फक्त धरण्यासाठी आहे, वजन पेलण्यासाठी नाही. डोक्यावर हेल्मेट असावे. ट्रॉलीचे वजन तीन किलोंहून अधिक भरते आणि ती कपाळाच्या थोडी वरच असते. मोकळे केस, ओढणी, गळ्यातली दोरी आधी आवरून घ्यावी.

ब्रेक हा वेगळा विषय आहे. येथे एवढेच सांगतो की ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. तारेच्या शेवटी वेग मारणारी ताणदोरी, स्प्रिंग किंवा पुन्हा वर चढणारी तार यांपैकी काहीतरी असल्याशिवाय कोणालाही बसवू नये, आणि हातमोज्याने तार दाबून थांबणे हा ब्रेक नव्हे.

चाचणी

पहिली चाचणी उभी. तारेच्या मध्यावर ट्रॉली आणून तिला १६० किलो वाळूची पोती, म्हणजे ठरलेल्या भाराच्या दुप्पट वजन, जमिनीपासून वीतभर उंचीवर अर्धा तास टांगून ठेवावे. या वेळी तारेखाली किंवा तारेच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. वजन उतरवल्यावर छिद्रे लांबट झाली आहेत का, बोल्ट वाकले आहेत का, पट्ट्यांमधले अंतर अजून २३ मिलिमीटरच आहे का, हे मोजून पाहावे. काहीही बदलले असेल तर तो भाग बदलून चाचणी पहिल्यापासून करावी.

दुसरी चाचणी धावती. आधी रिकामी ट्रॉली, मग ४० किलोचे पोते, मग ८०, मग १००. प्रत्येक वजनाला निदान पाच फेऱ्या व्हाव्यात. प्रत्येक फेरीनंतर चाकाच्या मध्याला हात लावून पाहावा. कोमट लागणे स्वाभाविक आहे, हात ठेववत नसेल तर बेअरिंग दाबले गेले आहे. पोते ब्रेकवर कसे आदळते ते बाजूने नीट पाहावे. ते जितक्या जोरात झोका घेईल, तितक्याच जोरात माणूसही घेणार आहे. चाचणीची पोती घट्ट बांधलेली असावीत, हे सांगण्याचे कारण म्हणजे आमचे एक पोते शेवटच्या टोकाला फाटले आणि अर्धा तास वाळू झाडण्यात गेला.

या सगळ्यातून ट्रॉली पार पडली की पहिला माणूस तीच बांधणाऱ्याने व्हावे. मुलांची पाळी त्यानंतर.

देखभाल

चारही नटांवर आणि त्यांच्या बाजूच्या पट्टीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. नट तसूभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते आणि पाना न लावता लांबूनच कळते. वापराच्या प्रत्येक दिवशी सुरुवातीला या रेघा, शॅकलची बांधलेली तार, कॅराबिनरचे कुलूप आणि स्लिंगची शिवण पाहून घ्यावी. उन्हात राहिलेली स्लिंग वरून ठीक दिसत असली तरी आतून कमजोर होते, म्हणून वापर नसताना ट्रॉलीसकट सगळे उतरवून सावलीत ठेवणे उत्तम. ट्रॉली उतरवताना खालचे दोन बोल्ट काढावे लागतात, त्यामुळे दर वेळी दोन नवे नट लागतील. ते आळसापोटी टाळू नयेत.

महिन्यातून एकदा चाक हाताने फिरवून कानाशी धरावे. खरखर ऐकू आली तर चारही बेअरिंगे एकदम बदलावीत, एकटे बदलू नये. सीलबंद बेअरिंगला बाहेरून तेल किंवा ग्रीस देण्याचा काही उपयोग नाही; पातळ तेल उलट आतल्या ग्रीसला धुऊन नेते. खोबणीत तारेच्या पेडांचे ठसे उमटू लागले किंवा तळाचा व्यास ५२ वरून ५० मिलिमीटरवर आला, की चाक बदलावे. तारेवरून कापडाचा बोळा फिरवावा. तो कुठे अडकला तर तिथे एखादी बारीक तार तुटून वर आलेली असते. अशी तुटलेली तार दिसल्यावर ट्रॉलीची खोबण आधी तपासावी, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच असतो, आणि तारेचे प्रमाणपत्र देणाऱ्याला किंवा जाणकाराला दाखवून घेईपर्यंत कोणालाही बसवू नये.